ठोकलेली स्विफ्ट ट्रॅकसाठी स्वस्तात उभी करायचीय (नाशिक)

द्राक्षबागेतला_ड्रायव्हर

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसतं वाचायचो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, जरा लांबलंय तेव्हा चहा घेऊनच बसा.

मामाची २००९ ची स्विफ्ट आहे, पेट्रोल १.३, व्हीएक्सआय, पासिंग एमएच १५ चंच. या पावसाळ्यात पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एक टूव्हीलरवाला मध्ये आला म्हणून मामाने गचकन डावीकडे घेतली आणि पुढचं डावं चाक सिमेंटच्या कठड्यावर जाऊन आदळलं. मामा ठणठणीत आहे, टूव्हीलरवाला तर थांबलाही नाही. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी, आरसीची १५ वर्षं पण आता संपली आणि रिन्यू केलेली नाही, त्यामुळे क्लेम वगैरे विषयच नाही. मामा म्हणतो भंगारात घालतो नाहीतर तू घेऊन जा, आणि मामी म्हणते काहीही करा पण दारातून हलवा. तर टोइंगवाल्याला सांगून आमच्या मळ्यात आणून ठेवलीय, दिंडोरी रोडला, द्राक्षाच्या शेडमध्ये.

काय काय गेलंय ते सांगतो. डावं फेंडर, बंपर, डावा हेडलाइट, रेडिएटर आणि कंडेन्सर गेले, बोनेट डावीकडून उचललंय आणि लॉक बसत नाही. डावं पुढचं चाक मागे सरकून आतल्या प्लास्टिकला घासतंय, वरून बघितलं तर चाक आत कललेलं दिसतं. एअरबॅग या मॉडेलला नाहीतच. इंजिन चालू होतं, आवाज नॉर्मल, पण रेडिएटर नाही म्हणून अर्ध्या मिनिटात बंद करतो.

मला ही रस्त्यावर परत आणायचीच नाहीये. कार्टिंग भरपूर झालं, आता गाडीत बसून शिकायचंय. आधी इकडे मातीवरचं ऑटोक्रॉस (एकेकट्याने वेळ लावून गाडी पळवायची), जमलं तर एकदा कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर. रेसर बिसर व्हायचं नाही, हौस आहे. बजेट टायर सोडून साठ-सत्तर हजार, ते पण द्राक्षाचे पैसे आले तर.

दोन कोटेशन आहेत. एका गॅरेजवाल्याने सगळं नवीन टाकून, रंगासकट नव्वदच्या पुढे सांगितले. दुसरा डेंटर म्हणतो, पंचवीस हजारात ओढून देतो, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) आणि मेंबर (बॉडीचा पुढचा पत्र्याचा दांडा) गॅसवर तापवून सरळ करतो, वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की कोणाला कळणार पण नाही. माझा मित्र म्हणतोय पंचवीसवाल्याला देऊन टाक, ट्रॅकलाच तर न्यायचीय, रंगरूप कोण बघतं. तर विचारायचं हे की कुठे पैसे वाचवू आणि कुठे नको?

कसारा_घाट

मामा असावा तर असा. आमच्या मामाने मला सायकलची हवा पण भरून दिली नाही कधी.

फोटो टाक रे, चाकाचे समोरून आणि खालून पण. आणि त्या तापवणाऱ्या भाऊला लांबूनच नमस्कार कर, बाकी तज्ज्ञ मंडळी येऊन सांगतीलच.

सातपूर_जनरलशिफ्ट

टूलरूममध्ये आयुष्य गेलं, गाड्यांचा नाद बाजूने, म्हणून जरा मोठं लिहितो.

तुझा मित्र बरोबर बोलला पण उलटा निष्कर्ष काढला. रंगरूप ट्रॅकवर कोणी बघत नाही, बरोबर. म्हणजे पैसे वाचवायचे ते रंगात, लांबीत, फेंडरमध्ये, हेडलाइटमध्ये. फेंडर हातोडीने ठोकून चाकाला लागणार नाही एवढं कर, झालं. हेडलाइटच्या भोकावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट कर. बोनेटचं लॉक बसत नाही तर बोनेट पिना लाव, त्या लॉकपेक्षा भरवशाच्या असतात. पंचवीसवाला नेमकं याच्या उलटं करणार, दिसतं ते चकचकीत आणि चाक धरून ठेवणारं सगळं तापवून ठोकलेलं. वरून कीर्तन आतून तमाशा.

तापवण्याचं कारण समजून घे म्हणजे परत कोणी गळ घातली तर उत्तर देता येईल. पुढच्या मेंबरचा पत्रा साध्या दाराच्या पत्र्यासारखा नसतो, जास्त ताकदीचा असतो आणि त्याला ठरावीक जागी दुमडायला मुद्दाम घड्या दिलेल्या असतात. गॅसने लालभडक केला की ती ताकद गेली, परत थंड झाला म्हणून परत येत नाही. मेंबर ओढायचाच असेल तर थंड ओढायचा, हळूहळू, साखळी लावून आणि थोडं जास्त ओढून सोडायचा कारण पत्रा परत मागे येतो. आणि लोअर आर्म, नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग), टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतची दांडी), शॉकअप हे तर सरळ करायचेच नसतात, थंड नाही नि गरम नाही. वाकलं की भंगार. यात चर्चा नाही.

आता मुख्य गोष्ट. एक रुपया खर्च करायच्या आधी गाडी मोज. कोटेशन देणाऱ्या दोघांपैकी एकाने तरी टेप लावली का? नाही लावली, मला खात्री आहे.

शेडची जमीन सपाट आहे का बघ, कोबा असेल तर उत्तम. स्टिअरिंग सरळ ठेव आणि दोन्ही बाजूला पुढच्या हबच्या मधोमधपासून मागच्या हबच्या मधोमधपर्यंत मोज. या स्विफ्टचा व्हीलबेस २३९० मिलिमीटर आहे. उजवीकडे तेवढा किंवा एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे येईल, डावीकडे किती कमी येतो ते लिहून ठेव. यावरून एवढंच कळेल की चाक किती मागे गेलंय, का गेलंय ते कळत नाही, कारण आर्म वाकला असेल, आर्म ज्याला बसतो ती पुढची फ्रेम वाकली असेल, किंवा खुद्द बॉडी सरकली असेल. पहिल्या दोन गोष्टी बोल्टाने उघडून बदलता येतात. तिसरी झाली असेल तर खेळ वेगळा.

म्हणून दुसरं माप. गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर घे, चारी स्टँड एका उंचीला. आणि हात जोडून सांगतो, द्राक्षाच्या क्रेटवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली जाऊ नको. शेडमध्ये क्रेटच क्रेट असणार आणि तुला मोह होणार, म्हणून लिहिलं. मग गवंड्याचा ओळंबा घे. खालून बॉडीला कारखान्यातनं आलेली गोल भोकं दिसतील, दोन्ही बाजूंना सारखी, शिवाय पुढच्या फ्रेमचे बोल्ट, मागच्या बीमचे बोल्ट. प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोड, हलायचा थांबला की टोकाखाली जमिनीवर खडूने बारीक फुली मार. सगळ्या फुल्या झाल्या की गाडीखालून बाहेर ये आणि आता मापं जमिनीवर घे, डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत आणि उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत. दोन्ही तिरकी मापं सारखी आली पाहिजेत. तीन-चार मिलिमीटरचा फरक तुझ्या हाताचा आणि ओळंब्याचा समज. दहाच्या वर गेला तर बॉडी सरकलीय. वर इंजिनच्या खोलीत पण असंच, डाव्या शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून उजव्या हेडलाइटच्या बोल्टच्या भोकापर्यंत आणि उलट. डाव्या हेडलाइटजवळचा पत्रा मुळात चेपलाय, तर तिथला फरक मनाला लावून घेऊ नको, टॉवर ते टॉवर (शॉकअप वर जिथे बसतात त्या दोन जागा) काय येतं ते बघ.

टेप नसली तरी काही गोष्टी डोळ्याला कळतात. डावं पुढचं दार उघड-बंद कर, वर आणि खाली फट सारखी आहे का, दार उचलून लावावं लागतंय का. ए पिलरच्या (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) बुडाशी, दाराखालच्या उंबरठ्याला आणि छताला पिलरच्या वर कुठे सुरकुती आलीय का. रबर मॅट काढून डाव्या पायाजवळची जमीन हाताने चाचप. तिथे घडी सापडली तर गाडी मामाला परत दे आणि भंगारवाल्याचा नंबर पण दे.

पंचवटी_पार्किंग

सातपूरवाल्या काकांशी सहमत पण माझा सल्ला वेगळा आहे आणि कोणाला आवडणार नाही.

ठोकलेली गाडी फुकट मिळाली म्हणून स्वस्त पडत नाही भाऊ. याच मॉडेलची सरळ बॉडीची, रंग उडालेली, सीट फाटलेली, एसी बंद पडलेली स्विफ्ट शोध. पेट्रोल १.३ ला आता कोणी विचारत नाही, सगळ्यांना २०१० नंतरची १.२ पाहिजे नाहीतर डिझेल. इंजिन धूर मारतंय अशी मिळाली तर अजूनच स्वस्त कारण चालू इंजिन तुझ्याकडे आहेच. ठोकलेल्यातलं इंजिन, गिअरबॉक्स, उजवी बाजू, मागची चाकं, सगळं स्पेअर म्हणून राहील. ओढाताण नको, मापं नको.

आणि करीचं म्हणशील तर नाशिकहून कोइंबतूर चौदाशे किलोमीटरच्या आसपास आहे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक पण साधारण तेवढाच लांब. आरसी नसलेली गाडी चालवत नेता येणार नाही म्हणजे फ्लॅटबेड, जाऊन-येऊन. त्या भाड्यात तुझी अख्खी रिपेअरी निघेल. त्यापेक्षा रेल्वेने जा, तिथे ट्रेनिंग स्कूलच्या गाड्या असतात, त्यांच्या गाडीवर शिक, ठोकली तरी तुझं घर गहाण पडत नाही. एलजीबी फॉर्म्युला ४ च्या (एकसीटी रेसच्या) गाड्यांत पण मारुतीचं १३०० चं इंजिनच असतं, म्हणजे तुझ्या आवडीचंच.

एक आगाऊ सूचना, तुला नाही, वाचणाऱ्या पोरांना. गाडी तयार झाली की ट्रायल म्हणून गंगापूर रोडला किंवा समृद्धीला नेऊ नका. रस्त्यावर शर्यत लावली तर मोटर वाहन कायद्याचं कलम १८९ आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दंडाचं सोडा, तिथे समोरून येणारा हौशी नसतो.

द्राक्षबागेतला_ड्रायव्हर

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभारी आहे. क्रेटचं तुम्हाला कसं कळलं, खरंच चार क्रेट बाजूला काढून ठेवले होते. शेजारच्या मळ्यातून ट्रॅक्टरवाल्याकडून स्टँड आणतो.

पंचवटीकर, तुमचं पटतंय पण अर्धंच. दुसरी गाडी घ्यायची म्हणजे घरी परवानगी काढणं आलं, ही तर शेडमध्ये आलीच आहे आणि आई रोज विचारते की ती वस्तू कधी हलणार. कोइंबतूरचं मात्र डोक्यातून काढतो सध्या, आधी इकडे शिकतो. करीला तुम्ही म्हणता तसं रेल्वेनेच जाऊ.

मापं घेऊन येतो.

डबल_डीक्लच

मापं येईपर्यंत मी आतल्या बाजूचं बोलतो कारण स्वस्तात गाडी करणारे तिथेच घोळ घालतात.

मागची सीट, कार्पेट, दाराचे पॅड, एसीचा कंप्रेसर आणि पाईप, स्टेपनी, सगळं काढ. फुकटात वजन कमी होतं, कंडेन्सर फुटलाच आहे तेव्हा एसी ठेवून काय करणार. एसीचा गॅस उरला असेल तर एसीवाल्याकडून काढून घे, पाईप स्वतः कापू नको.

पट्टा. ऑनलाइन लाल-निळे चार पॉइंटचे पट्टे दोन-तीन हजारात दिसतात, ते बघून लोक वेडे होतात. मूळ गाडीच्या मागे कलणाऱ्या सीटवर चार पॉइंटचा पट्टा लावू नको. समोरून धडकलास तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि माणूस खालून घसरतो. आणि केज (आतला पाईपचा पिंजरा) नसताना खांद्याने घट्ट बांधून घेतलंस आणि गाडी उलटली, तर छत खाली येताना तुला बाजूला झुकायला पण जागा नाही. तेव्हा पहिला टप्पा म्हणजे मूळ सीट आणि मूळ तीन पॉइंटचा पट्टा, तो पण तपासून, कारण मामाच्या धडकेत तो ताणला गेलाय. पूर्ण ओढून काढ, विण उसवलीय का, काठ चकाकलेत का बघ, असेल तर चांगल्या गाडीतला घे. पुढे बकेट सीट, हार्नेस (रेसचा पट्टा) आणि केज तिन्ही एकदमच करायचं, त्यातलं एकटं काहीच नाही.

केजबद्दल, आज ना उद्या कोणीतरी म्हणेल की अंबडला ओळखीचा फॅब्रिकेटर आहे, पाण्याच्या जीआय पाईपचा करून देतो. नको. पुढच्या सीटच्या मागची जी मोठी कमान असते ती एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) नियमात ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटरची, बाकीचे पाईप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २, आणि पाईप सीमलेस, कोल्ड ड्रॉन. शिवण असलेला पाईप वाकवताना शिवणीवर उलतो आणि ठोकरीला पण तिथेच. आपल्याकडे एमआयडीसीत हायड्रॉलिकच्या कामाचा सीमलेस पाईप मिळतो, मँड्रेलवर (आतून आधार देऊन, पाईप चेपू न देता) वाकवणारे पण आहेत, त्यामुळे नाशिकमध्ये बसून हे होण्यासारखं आहे, फक्त काम देताना पाईपची जात लिहून द्यायची. आणि केज घातलेली गाडी हेल्मेटशिवाय चालवायची नाही, शेडमधून गेटपर्यंत पण नाही, डोकं पाईपला लागलं की झालं.

हेल्मेट मोटरसायकलचं चालेल का हा पुढचा प्रश्न येतोच. काही ऑटोक्रॉसला चालवून घेतात, आयोजकाला विचार. गाडीच्या हेल्मेटला स्नेल एसए मार्क असतो, त्याचं अस्तर आगीला दाद देत नाही, मोटरसायकलवाल्याला ती अट नसते.

फायर एक्स्टिंग्विशर दोन किलोचा, लोखंडी पट्ट्याने आणि बोल्टने जमिनीला. प्लास्टिकच्या क्लिपवर ठेवलेला सिलिंडर धडकेत आधी तुझ्याच डोक्याकडे येतो. बॅटरी पण हलवून बघ, त्या कठड्याच्या दणक्याने क्लॅम्प सैल झालेला असणार.

कसारा_घाट

ते अस्तर आगीला दाद देत नाही वालं वाक्य आवडलं.

नाशकात रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा मी सर्व्हिस पार्कात दोरीला टेकून उभा असायचो. गाडी आली की एकाने चाक काढायचं, दुसऱ्याने लोअर आर्म, तिसरा नवीन आर्म हातात घेऊन उभाच. कोणी तिथे वाकलेला आर्म ठोकत बसलेलं नाही पाहिलं. आणि त्या गाड्यांचे फेंडर बघाल तर टेप लावून लावून पांढरे झालेले.

द्राक्षबागेतला_ड्रायव्हर

मापं आली. चुलतभाऊ आणि मी दोघांनी घेतली, एकमेकांना न सांगता दोनदा लिहिली आणि मग जुळवली.

व्हीलबेस उजवीकडे २३८९, डावीकडे २३७१. खालची तिरकी मापं, बॉडीच्या भोकांवरून, फरक ३ मिलिमीटर. वर टॉवर ते टॉवर पण तीनच्या आत, हेडलाइटच्या बोल्टला मात्र बराच फरक आहे, पण तिथला पत्रा समोरूनच दिसतो चेपलेला. दार मस्त उघडतं, उंबरठ्याला आणि पायाजवळ घडी नाही. मग हिंमत करून आर्म काढला, तर आर्म डोळ्याला वाकडा दिसतोय आणि आर्मचा मागचा बोल्ट जिथे बसतो तिथे पुढच्या फ्रेमचा कान उघडलाय. फ्रेमला दुसरीकडे काही दिसत नाही.

दोन गोष्टी अजून. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर डावीकडे जाताना एका जागी अडकल्यासारखं जड होतं, मग सुटतं. आणि गिअरबॉक्सला डाव्या एक्सलपाशी तेल ओघळलंय, ताजं आहे.

आणि हो, त्या पंचवीसवाल्याचा फोन आला होता, फ्रेमचा कान पण तापवून बसवून देतो म्हणाला. भंगारवाला पण आला होता, मामाने परस्पर पाठवलेला.

सातपूर_जनरलशिफ्ट

शाबास. बॉडी सरळ आहे, तुझी गाडी करण्यासारखी आहे. १८ मिलिमीटर जे मागे गेलं ते सगळं बोल्टाच्या अलीकडचं आहे, बदलता येण्यासारखं.

कान उघडलेली फ्रेम ठेवू नको. कानाला वेल्डिंग करून घेतो म्हणणारे भेटतील, पण ब्रेक दाबला की सगळा जोर त्याच बोल्टावर येतो. जुनी घे. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार हटवल्यापासून इकडे शोधाशोध करावी लागते, नाहीच मिळाली तर मुंबईला कुर्ल्याला सीएसटी रोडला कटिंगचा माल मिळतो, एक दिवस काढून जा. घेताना आर्मचे चारही कान दोरीने माप, आणि आणल्यावर बसवायच्या आधी माझ्याकडे घेऊन ये. आमच्याकडे सरफेस प्लेट (मोजमापाचं एकदम सपाट टेबल) आहे, तिच्यावर फ्रेम ठेवून हाइट गेज फिरवला की पाच मिनिटांत सोक्षमोक्ष. तुझी जुनी पण आण, दोन्ही शेजारी ठेवून बघू, मला पण उत्सुकता आहे कान किती उघडला ते.

स्टिअरिंगचं जे तू सांगतोस ते रॅकची (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग) दांडी वाकल्याचं लक्षण आहे. एका जागी जड आणि मग सुटतं म्हणजे वाकलेला भाग आत शिरताना अडतोय. रॅक त्याच फ्रेमला बसतो, म्हणजे कुर्ल्याला गेलास तर फ्रेम आणि रॅक एकाच गाडीतले माग, भाव पण कमी होतो. शॉकअपची एक परीक्षा घरी कर, चाक लावून गाडी टेकव, वरची नट सैल कर आणि दांडी पान्याने गोल फिरव. फिरवताना चाकाचा वरचा भाग आतबाहेर झुलला तर दांडी वाकलीय. माझा अंदाज झुलणार. शॉकअप दोन्ही बाजूचे जोडीने बदल, डावा नवा आणि उजवा सतरा वर्षांचा असं नको. नकल जुनं चालेल पण बेअरिंग नवीन. बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड दोन्ही बाजूला नवीन, ते फार महाग नाहीत.

गिअरबॉक्सचं तेल म्हणजे चाक मागे ढकललं गेलं तेव्हा एक्सल आत घुसून सील दुखावलंय. सील बदलून तेल भर, पण तेल काढशील तेव्हा पांढऱ्या कापडावर काढ आणि त्यात चकाकणारा चुरा आहे का बघ. बारीक राखाडी पेस्ट चालते, नखाएवढे तुकडे नाही चालत. इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट पण चाचप, रबर फाटलं असेल तर इंजिन डुलत राहतं आणि ट्रॅकवर गिअर पडत नाही.

रेडिएटरच्या पुढचा जो उभा-आडवा पत्रा चेपलाय तो कापून दुसरा बसवून घे, सीओटू वेल्डिंगवाल्याकडून. साध्या गॅस वेल्डिंगने आसपासचा पातळ पत्रा गोळा होतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची, आणि झाल्यावर त्या जागी लगेच प्रायमर, रंग नसला तरी चालेल पण उघडा ठेवू नको, आपल्याकडच्या पावसात एका सीझनमध्ये पोखरतो. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदललाय ते मामाला विचार, आठवत नसेल तर बदल, १.३ ला बेल्टच आहे.

एवढं झालं की उरलेले सगळे पैसे ब्रेक आणि टायरला. पॅड, डिस्क, आणि फ्लुइड पूर्ण काढून डॉट ४ भर. जुनं फ्लुइड पाणी ओढून बसलेलं असतं, नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीला उकळतं आणि ओलं झालं की ते १५५ वर येतं, मग दोन-तीन वेळा जोरात ब्रेक मारले की पेडल जमिनीला. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे बघ, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. नक्षी शाबूत आहे म्हणून आठ वर्षांचा टायर कोणी गळ्यात मारेल.

पंचवटी_पार्किंग

मापं बघितली, माझं म्हणणं मागे घेत नाही पण याच्या बाबतीत ठीक आहे, बॉडी सरळ निघाली म्हणजे नशीब. दहा मिलिमीटर निघाले असते तर मी परत आलो असतो.

हिशोब मात्र लिहून ठेव. फ्रेम, रॅक, आर्म, शॉकअप, बेअरिंग, रेडिएटर, बेल्ट, ब्रेक, असं सुटं सुटं घेताना माणसाला वाटतं पाच हजारच तर लागले, आणि शेवटी नव्वदवाल्यापाशीच पोचतो.

द्राक्षबागेतला_ड्रायव्हर

वही केलीय, पहिल्या पानावर टोइंगचे पैसे लिहिलेत. एसी, मागची सीट, दाराचे पॅड, साउंड सिस्टीम विकून जे येईल ते पण त्यात धरणार.

काका, एक शेवटचं. सगळं बसवल्यावर अलाइनमेंट कशी करू? आरसी नाही म्हणून अलाइनमेंटवाल्याकडे चालवत नेता येणार नाही आणि परत टोइंग बोलावलं तर त्यातच पैसे जातात.

सातपूर_जनरलशिफ्ट

दोरीने होतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीला एकेक सूतदोरी ताणून बांध, स्टँडला बांधलीस तरी चालेल. दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं पाहिजे, आणि दोरी हबच्या मधोमधपासून दोन्ही बाजूला सारख्या अंतरावर. मग स्टिअरिंग सरळ धरून पुढच्या चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंत मोज, स्टीलच्या पट्टीने. दोन्ही सारखे म्हणजे टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य, ऑटोक्रॉसला तेवढ्यावर सुरुवात कर. टाय रॉड दोन्ही बाजूला सारखे फिरव नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसेल. प्रत्येक वेळी फिरवल्यावर गाडी थोडी पुढेमागे ढकल आणि परत मोज, चाक टेकल्यावर आपली जागा घेतं. डाव्या-उजव्या चाकाचा कल मोबाइलवरच्या लेव्हलने रिमला लावून बघ, दोन्हीत अर्ध्या डिग्रीच्या आत आला तर फ्रेम नीट बसली. जास्त आला तर फ्रेमचे बोल्ट सैल करून ती सरकवून परत आवळ, तिथे थोडी जागा असते.

फ्रेम मिळाली की इथेच लिही, सुट्टीचा दिवस ठरवू.

लासलगाव_लोकल

भो, मागची सीट विकायचीय म्हणालास ना? माझ्या २००८ च्या सीटचं उंदरांनी वाटोळं केलंय. रंग कुठला आहे, आणि डोक्याची उशी दोन्हीकडची आहे का? पैसे रोख देतो, मळ्यात येऊन नेतो.

द्राक्षबागेतला_ड्रायव्हर

राखाडी आहे दादा, उशा दोन्ही आहेत, एका कोपऱ्याला मामाच्या पोराने पेनने रेघा मारल्यात. व्यनि करतो.